टाकीजवळचा नांद्रुक

बोन्सायवरची बहुतेक पुस्तकं मेपलपासून सुरू होतात. मुखपृष्ठावर उथळ तबकात उभा असलेला जपानी मेपल, शरदात लाल झालेली त्याची टोकदार पानं, आणि आत पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच बागेत वाढलेला मेपल खणून कुंडीत कसा आणायचा याची कृती. थंडी ओसरत आली, डोळे फुगू लागले, पण पानं अजून उलगडली नाहीत, अशा नेमक्या दिवसांत झाड काढायचं, मुळं छाटायची, शेंडा उतरवायचा आणि पुढचं वसंतावर सोपवायचं. कृती चोख आहे. फक्त ती जिथे बर्फ पडतो तिथली आहे.

पन्हाळ्यावर बर्फ पडत नाही, धुकं पडतं. जुलै-ऑगस्टात ते असं उतरतं की दोन-दोन दिवस समोरचं कुंपण दिसत नाही आणि वाळत घातलेला कपडा वाळत नाही. हिवाळ्यात पहाटे गारठा असतो, पण नऊ वाजले की ऊन अंगाला लागतं. जपानी मेपलला दरवर्षी काही आठवडे खरी कडक थंडी लागते. पानं गाळून तो झोपतो आणि त्या झोपेच्या जोरावर पुढची पालवी काढतो. ही झोप मिळाली नाही, तर झाड वर्षागणिक थकत जातं. सह्याद्रीत मेपल आपणहून उगवत नाही. भारतातले मेपल हिमालयाच्या रांगांत आणि ईशान्येकडच्या डोंगरांत भेटतात. त्याचे भाऊबंद मात्र आपल्याकडे आहेत. आजच्या वर्गीकरणात मेपल रिठ्याच्या कुळात बसतो. लिची त्याच कुळातली आणि फाल्गुन-चैत्रात लाल पालवीनं पेटणारा आपला कुसुंबही त्यातलाच.

परमुलखातलं झाड या डोंगरावर रुजवून बघण्याची हौस तशी जुनी. राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. तेव्हा गडावरच्या एका बैठ्या बंगल्यात राहणाऱ्या निवृत्त चित्रकला शिक्षकांनी मेपलचं स्वप्न पाहिलं, यात नवल नाही. आठवड्यातले निम्मे दिवस कोल्हापुरात आणि निम्मे गडावर, असा त्यांचा शिरस्ता. गावात त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. त्यांची बाग बघतात ते ‘मामा’. गडाखालच्या बुधवार पेठेतून रोज चढ चढून येतात, पाच-सहा बंगल्यांची बाग सांभाळतात. त्यांतले बरेच बंगले शनिवार-रविवार सोडले तर बंदच असतात.

सरांनी पुस्तकातलं चित्र मामांपुढे धरलं. मामांनी ते नीट न्याहाळलं, पान उलटून मागचंही पाहिलं.

“झाड देखणं हाय. पण सर, ह्यो हितं न्हाई जगायचा. त्यापरीस टाकीजवळचा नांद्रुक बघा. तो तुमची टाकी खाणार हाय, त्याचं कायतरी करायलाच पायजे.”

नांद्रुक हे वडा-पिंपळाच्या गोतातलं झाड. पानं लहान, जाड, चकचकीत, साल राखाडी, अंगात पांढरा चीक. त्याची फळं तांबट, बुलबुल, हरियाल खातात आणि बी विष्ठेतून कुठेही टाकून जातात. भिंतीच्या फटीत, कौलाच्या वळचणीला, पाण्याच्या पाइपाशी ते रुजतं. सरांच्या बंगल्यातला नांद्रुकही असाच, कुणी न लावलेला. सिमेंटच्या टाकीला टेकून मजलाभर उंच झालेला, बुंधा तळाशी दीड फूट घेराचा, आणि एक मूळ थेट टाकीच्या पायात शिरलेलं.

अशी झाडं गडावर पावलोपावली दिसतात. तीन दरवाजाच्या आसपास, सज्जा कोठीकडे, तटाच्या चिऱ्यांतून पायर आणि पिंपळ डोकं काढतात. बोन्सायच्या हौशी मंडळींची नजर त्यांच्यावर हमखास जाते, कारण फटीत अडकून वर्षानुवर्षं खुरटलेल्या झाडाला जो पीळ असतो तो कुंडीत सहजी येत नाही. पण गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा इथे लागू आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर पन्हाळाही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मामा याबाबत कडक आहेत. तटातली काडी काढायची झाली तरी ती खात्याच्या माणसांनी काढायची. एकदा मूळ ओढलं की त्याबरोबर चिरा कसा हलतो, हे त्यांनी पडक्या घरांच्या भिंतींतून पाहिलेलं आहे.

स्वतःच्या आवारातलं झाडही मनाला येईल तेव्हा उपटता येत नाही. नागरी भागातल्या वृक्षांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे, आणि पन्हाळ्याला गिरिस्थान नगरपरिषद आहे. सरांनी रीतसर अर्ज केला. ‘टाकीस धोका निर्माण झाल्याने वृक्ष काढून त्याच आवारात कुंडीत पुनर्रोपण करणे’ असा विषय लिहिला. परवानगीचा कागद हातात आल्यावरच मामांनी कुदळ बाहेर काढली.

पुस्तक आणि पन्हाळा यांची पहिली गाठ पडली ती मुहूर्तावर. मेपलच्या हिशेबानं काम फेब्रुवारीत सुरू व्हायला हवं. सरांनी तसंच सुचवलंही. मामांनी मान हलवली. फेब्रुवारीत मुळं तोडली तर पुढे मार्च, एप्रिल, मे असे कोरडे महिने, वर पठारावरचा वारा, आणि बंगला निम्मे दिवस बंद. पाणी कोण घालणार? शहरात, रोज दोनदा झारी घेऊन उभं राहणाऱ्याच्या गच्चीवर नांद्रुक फेब्रुवारी-मार्चमध्येही आनंदानं फुटतो. ते चुकीचं नाही. पण इथे काम जमायचं तर ते पावसाशी जुळवून घ्यायला हवं होतं.

“मृगाच्या लई आधी खणलं तर मूळ वाळंल, आर्द्रात खणलं तर कुजंल,” मामांनी वेळापत्रक एका वाक्यात मांडलं. रोहिणी नक्षत्र मेच्या शेवटच्या आठवड्यात लागतं, मृग ७-८ जूनला. वळीव पडून गेलेला असतो, जमीन आतून ओली आणि वरून गरम असते, धुवाधार पावसाला अजून अवकाश असतो. नांद्रुकाची मुळं याच दिवसांत सर्वांत वेगानं धावतात.

तरीही पहिल्या वर्षी झाड काढलं नाही. मामांनी बुंध्यापासून दीड हातावर फक्त अर्ध्या वर्तुळाचा चर खणला. वाटेत आलेली जाड मुळं आरीनं कापली, टोकं विळ्यानं साफ केली आणि चरात पालापाचोळ्याचं खत नि माती भरून टाकली. उरलेलं अर्धं वर्तुळ दिवाळीनंतर. झाड जमिनीतच उभं, निम्म्या मुळांवर जगतंय आणि कापलेल्या टोकांशी नवी बारीक मुळं काढतंय, असा तो डाव. दूर पळालेली जाड मुळं झाडाला उभं धरतात, पण पाणी पितात ती ही बारीक तंतुमुळं. कुंडीत न्यायचं तर ती बुंध्याजवळ हवीत.

त्याच मृगात दुसरं काम उरकलं. शेंडा शेवटी उतरवायचाच होता, तर तो वाया का घालवा? सरांच्या पुस्तकात फांदीला झाडावरच मुळं फोडून नंतर ती वेगळी करण्यावर एक अख्खं प्रकरण होतं, मेपलच्या चित्रांसकट. सरांनी ते समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा मामा हसायला लागले. “ही तर गुटी. डाळिंबाला, पेरूला लहानपणापासून बांधतोय की.” त्यांनी खोबरेल तेल बोटांना चोळून घेतलं, कारण नांद्रुकाचा चीक एकदा चिकटला की दिवसभर सुटत नाही आणि डोळ्याला लागला तर आग होते. मग मनगटाएवढ्या शेंड्याची दीड इंच रुंदीची साल गोल सोलून काढली. पांढरा चीक भळभळ आला. तो पाण्यानं धुतला, सालीखालचा बुळबुळीत पापुद्राही चाकूनं खरवडला. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटतच नाहीत. वर ओलं शेवाळ, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. श्रावण लागेपर्यंत प्लास्टिकच्या आतून पांढरी मुळं फिरताना दिसू लागली. दसऱ्याला शेंडा कापून वेगळ्या कुंडीत लावला. तो आता बंगल्याच्या मागच्या बाजूला स्वतंत्र झाड म्हणून वाढतो आहे.

पुढच्या वर्षी वळवाचा दुसरा पाऊस पडला आणि झाड काढायचा दिवस ठरला. सकाळी ऊन तापायच्या आत मामा आणि त्यांचा भाचा पहार घेऊन भिडले. आधी कापणी. बुंधा जमिनीपासून साधारण दीड फुटावर आरीनं आडवा कापला. जितका ठेवायचा त्याहून मुद्दाम वीतभर जास्त, कारण कापलेल्या जागेपासून लाकूड थोडं खाली वाळत येतं. मजलाभर झाडाचा खुंट राहिला. एकही पान नाही. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग पाहून मामा म्हणाले, “सर, उसाचा खोडवा घेताना जीव घाबरतो का कुणाचा? बुडखा जित्ता असला की फुटतंय.”

वनस्पतिशास्त्रही मामांच्या बाजूनं आहे. नांद्रुकाच्या जुन्या सालीखाली सुप्त डोळे असतात आणि वरचा शेंडा गेला की ते जागे होतात. पान उरलं नाही तरी त्याला चालतं. मेपलही कापल्यावर जुन्या लाकडातून फुटतो, पण त्याला वेळ पाळावी लागते. रस चढायच्या दिवसांत कापला तर जखम दिवसेंदिवस पाझरत राहते. पाइनचं तर याच्या उलट. फांदीवर हिरवी सुईपानं राखली नाहीत तर ती फांदी गेलीच समजायची. ज्या पुस्तकात ही तिन्ही झाडं एकाच प्रकरणात येतात, त्यातला कोणता नियम आपल्या झाडाचा हे वाचणाऱ्यालाच निवडावं लागतं.

मुळांचा गोळा गोणपाटावर ओढून बाहेर काढला, तेव्हा टाकीत शिरलेलं मूळ तिथेच तोडावं लागलं. नळाखाली माती धुतल्यावर पहिल्यांदा झाडाचा खरा तळ दिसला. तीन बाजूंनी जाड मुळं जमिनीला धरून पसरलेली, आणि टाकीकडच्या चौथ्या बाजूला काहीच नाही, फक्त सपाट बुंधा. सरांनी वर्षभर वहीत या झाडाची चित्रं काढली होती, भविष्यात ते कसं दिसेल याची. प्रत्येक चित्रात समोरची बाजू तीच होती, व्हरांड्यातून दिसायची ती. आता कळलं की ती बाजू निकामी आहे. बोन्सायची दर्शनी बाजू फांद्यांवरून ठरत नाही, आधी मुळांवरून ठरते. फांदी नवी फुटवता येते, वाकवता येते. बुंध्याचा तळ बदलायला मात्र दहा वर्षंही कमी पडतात. सरांनी वहीचं नवं पान उघडलं आणि झाड अर्ध्या फेऱ्यानं फिरवून पुन्हा काढायला बसले.

पहिली दोन-तीन वर्षं झाड तबकात जात नाही, साध्या खोक्यात वाढतं. मामांनी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून उथळ, रुंद खोकं केलं. तळाला भोकं, भोकांवर डासांच्या जाळीचे तुकडे. माती भरण्यावरून मात्र दोघांत बरीच चर्चा झाली. जपानी पुस्तकं अकादामा नावाच्या दाणेदार मातीचा आग्रह धरतात. ती जपानात खणली जाते, पाणी धरते आणि दाण्यांमधून हवाही खेळू देते. ती मागवायची तर किंमत नि हेलपाटे. तिचं काम लक्षात घेतलं की पर्याय घराजवळच सापडतो. बांधकामावर उरलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांची चुरी, पंचगंगेकाठच्या वीटभट्टीवरचे फुटक्या विटांचे तुकडे, थोडा नारळाचा भुसा आणि साखर कारखान्याच्या प्रेसमडचं कुजलेलं खत. तालुक्यात वारणानगर असताना प्रेसमडची ददात नाही. चुरी आणि वीट आधी वाळूच्या चाळणीतून, मग पिठाच्या चाळणीतून काढली. वर राहिलेले मोठे तुकडे तळाला, मधले दाणे मुळांभोवती, खाली पडलेली पूड फेकून. ही पूड न फेकता तशीच ठेवली तर पन्हाळ्याच्या पावसात आठवड्याभरात तिचा चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. चाळण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यात काही नाही, पण झाड जगणार की मरणार हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

झाडाला काय मानवतं ते पाहून माणसानंच जागा बदलायची, हा प्रकार जपानातही घडलेला आहे. १९२३ च्या महाभूकंपानं टोकियो उद्ध्वस्त झालं, तेव्हा तिथल्या बोन्साय जोपासणाऱ्या काही व्यावसायिकांनी शहर सोडलं आणि उत्तरेला ओमिया इथे नवी वसाहत वसवली. १९२५ साली उभं राहिलेलं ते बोन्साय गाव आजही आहे. त्यांना मोकळी जागा, चांगलं पाणी, चांगली माती आणि स्वच्छ हवा हवी होती. सर-मामांना गड सोडायचा नव्हता. म्हणून त्यांनी झाड आणि माती दोन्ही गडाच्या हवेला सोसतील अशी घेतली.

पहिले डोळे मृग संपायच्या आत फुटले. खुंटाच्या सालीवर तांबूस ठिपके उठले, त्यांची टोकं लांबली आणि बघता बघता चारी बाजूंनी धुमारे आले. इथे पुन्हा पुस्तक वेगळं सांगत होतं. मेपलला एका पेरावर समोरासमोर दोन डोळे येतात. त्यातला एक ठेवायचा, एक खुडायचा. नांद्रुकाला डोळे आलटून-पालटून येतात, एक डावीकडे, पुढच्या पेरावर एक उजवीकडे. त्यामुळे ज्या दिशेला फांदी जायला हवी, त्या दिशेच्या डोळ्याच्या किंचित वर कापायचं. सरांची नजर रेषेची. पहिली फांदी एक तृतीयांश उंचीवर डावीकडे, दुसरी उजवीकडे जरा वर, तिसरी मागे खोली दाखवायला. मामांची नजर डोळ्याची. “सर, तुमी म्हणताय तिथं डोळाच न्हाई. हितं हाय. आन् ह्यो बाहेरच्या अंगाचा हाय, ह्यो नीट जाईल.” सरांच्या चित्रात फांदी दोन बोटं खाली आली, आणि चित्र त्यामुळे काही बिघडलं नाही.

खरी कसोटी जुलैत होती. खोकं विटांवर ठेवलं, आणि पावसाची संततधार लागली की एका बाजूच्या विटा काढून ते तिरकं करायचं, म्हणजे पाणी न साठता कडेनं निघून जातं. वाऱ्यानं नव्या मुळांना हिसके बसू नयेत म्हणून बुंधा खोक्याला काथ्यानं बांधला. कापलेल्या तोंडावर मेण आणि रंगाच्या दुकानातली लांबी लावली, कारण अशा ओलीत उघड्या लाकडात बुरशी शिरायला वेळ लागत नाही. त्या पावसानं एक फायदाही करून दिला. नांद्रुकाला पारंब्या फुटायला दमट हवा लागते. सोलापूर-सांगलीकडच्या कोरड्या गच्च्यांवर हौशी लोक त्यासाठी झाडाला प्लास्टिकचा तंबू करतात. पन्हाळ्याच्या धुक्यात खालच्या फांदीवरून दोऱ्यासारखी बारीक पारंबी आपोआप उतरली. मामांनी ती शीतपेयाच्या नळीतून खाली सोडली, नळीत बारीक चुरी भरली. पारंबी जमिनीला टेकली की जाड होऊ लागते. जिथे टाकीकडची बाजू रिकामी होती, त्याच्या जवळच ती उतरवली.

फांद्यांना वळण द्यायला तार लागते. बोन्सायसाठीची तयार ॲल्युमिनियमची तार ऑनलाइन मिळते, पण सर कोल्हापुरात उतरले होते तेव्हा शिवाजी उद्यमनगरातून अर्थिंगची जाड तांब्याची तार घेऊन आले. तशी ती कडक असते. मामींच्या चुलीत लाल होईपर्यंत तापवून गार केली की मऊ पडते, आणि फांदीवर गुंडाळल्यावर हळूहळू पुन्हा कडक होते. म्हणून तांबं जाड फांदीला चांगलं. फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची तार, वेटोळं तिरकं, ना घट्ट ना ढिलं. मेपलवर तार महिनोन् महिने राहू शकते असं पुस्तक म्हणतं. पावसाळ्यात नांद्रुकावर ती तीन-चार आठवड्यांत सालीत रुतते, कारण या दिवसांत फांदी नुसती लांब होत नाही, फुगते. तार उलगडून काढायला गेलं तर फांदी मोडते. ती कटरनं वेटोळ्या-वेटोळ्याला तोडून सुटी करायची. मामांना हा सगळा खटाटोप पटला नाही. बारीक फांद्यांना ते सुतळी बांधून खोक्याच्या कडेला ओढतात, आणि तेवढंच वळण येतं. दोन्ही पद्धती आता एकाच झाडावर नांदतात.

रोगही झाडाच्या सोबत आला. कोवळी पानं मधोमध दुमडून शिंपल्यासारखी बंद झाली आणि उघडून पाहिली तर आत काळे बारीक फुलकिडे. नांद्रुकावर ही कीड जगभर आढळते. दुमडलेलं पानच तिचं घर, त्यामुळे वरून फवारलेलं औषध आत पोचत नाही. मामांनी प्रत्येक दुमडलेलं पान खुडून जाळलं, मग निंबोळी अर्क मारला, आणि आठवड्यानं पुन्हा तेच. पानं कमी झाली याची सरांना खंत वाटली, पण पुढची पानं लहान आली. बोन्सायवाले हाच परिणाम साधायला निरोगी झाडाची पानं मुद्दाम काढतात, फक्त झाडात ताकद असताना आणि वाढीच्या दिवसांतच.

बंगल्यात येणारे पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. झाडाला असं खुरटवून ठेवणं बरं का? सर त्यांना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या एका पाइनची हकीकत सांगतात. १६२५ पासून जोपासलेला हा पाइन यामाकी घराण्यात पिढ्यान् पिढ्या होता. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो स्फोटापासून तीनेक किलोमीटरवर, घराच्या भिंतीआड उभा होता आणि वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला, हिरोशिमाचा उल्लेख न करता. २००१ मध्ये त्यांचे नातू तो बघायला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना ही गोष्ट कळली. चारशे वर्षं कुंडीत जगलेलं झाड हाल काढत असेल, असं म्हणणं अवघड आहे. कुंडीतल्या झाडाला जमीन नसते, पण त्याची मुळं ठरावीक काळानं छाटून त्याला नवी माती मिळते, जी जमिनीतल्या झाडाला कधी मिळत नाही. पाणी चुकलं तर मात्र ते एका उन्हाळी दुपारी जातं. जमिनीतलं झाड माणसावाचून जगतं, कुंडीतलं माणसावर अवलंबून असतं. आक्षेप घ्यायचा तर तो इथे घेता येईल, आणि सर तो मान्यही करतात.

मामांकडे चौकशी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. वटपौर्णिमा जवळ आली की कोल्हापुरातल्या फ्लॅटमधून फोन येतात, कुंडीतला वड आहे का म्हणून. तोडून आणलेल्या फांदीपेक्षा जिवंत वडाची पूजा बरी, असं आता पुष्कळ घरांत वाटतं. मामा कुंडीतले वड वाढवतात, पण त्यांना बोन्साय म्हणत नाहीत. महाराष्ट्रात या कलेचे जाणकार आता बरेच आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानं ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठं प्रदर्शन भरलं होतं. सर ते बघून आले होते आणि तिथे वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल अशी आपल्याच मातीतली झाडं तबकांत पाहून त्यांनी वहीत भरपूर रेखाटनं केली होती. मेपलचा नाद सुटायला सुरुवात बहुधा तिथेच झाली असावी, मामांचं म्हणणं नंतर आलं.

नांद्रुक आता अडीच फुटांच्या आसपास आहे. बुंध्याच्या जाडीच्या पाच-सहा पट उंची असा जो अंदाज धरतात, त्यात तो बसतो. आडव्या कापाच्या जागी तिरका काप घेतला, एक धुमारा शेंडा म्हणून वर सोडला. तो मनगटाएवढा झाला की पुन्हा कापायचा आणि वरचा नवा डोळा धरायचा. असं दोन-तीनदा केल्यावरच खुंटाचा खुंटपणा जाऊन बुंधा वर निमुळता होत जातो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून सरांनी मापाचं, कडा जाड ठेवलेलं मातीचं तबक करवून आणलं आहे. ते व्हरांड्यात पडून आहे. सरांच्या मते झाड या मृगातच तबकात जावं. मामांच्या मते टाकीकडची पारंबी अजून बोटाएवढीही झालेली नाही, ती खोक्यातल्या मोकळ्या मातीत जितकी जाड होईल तितकी तबकात होणार नाही. पुस्तक या बाबतीत मामांच्या बाजूनं आहे, आणि ते सरांनीच वाचून दाखवलं. तबकात तूर्त मामींनी कोथिंबीर लावली आहे.

गेल्या रविवारी सोमाळे तलावाकडून फिरत आलेल्या एका जोडप्यानं कुंपणाबाहेरून झाड पाहिलं आणि किंमत विचारली.

“इकायचं न्हाई ओ,” मामा म्हणाले, “पण फांदी देतो की. आत्ता नको, पाऊस लागल्यावर या. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब फांदी घ्यायची. चीक धुवून रातभर सावलीत ठेवायची, सकाळी बुड चुरीत लावायचं. पानं सगळी काढायची, वरची दोन सोडून. आन् महिनाभर उपटून बघायचं न्हाई, मूळ फुटलंय का म्हणून.”